रिकाम्या सीटवरचा पट्टा

दीपेशच्या अंगठ्याला ती अक्षरं लागली तेव्हा गाडी पूर्णा गावाच्या कमानीबाहेरही पडली नव्हती. डाव्या खांद्यावरून सवयीने ओढलेला सीटबेल्ट त्याच्या हातात होता आणि त्याचं लोखंडी टोक उजव्या मांडीशी अडकवायला तो खाच चाचपत होता. पण खाचेत आधीच काहीतरी बसलेलं होतं. थंड, गुळगुळीत, बोटभर. वर उठावाची अक्षरं. त्याने मान वाकवून पाहिलं नाही. 'ब'चं पोट, काना, मग 'ळ'ची दोन वेटोळी, त्यातलं उजवीकडचं मुद्दाम थोडं मोठं ठेवलेलं, कारण दोन्ही सारखी ठेवली की तो 'ळ' चष्मा लावल्यासारखा दिसतो. हे मोठं ठेवणं त्याचं होतं. अख्खी दुपार घालवून त्याने ते कागदावर आणलं होतं. बाळाराम. त्याच्या बापाचं नाव, त्याच्या हातचं अक्षर, आणि ते थोरल्या भावाच्या नव्या गाडीत सीटबेल्टच्या खाचेला बूच मारून बसलेलं.

"राहू दे रं," हितेश म्हणाला. त्याचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्यात फोन. "पट्टा नको लावू, झब्ब्याची इस्त्री मोडंल. क्लिप टाकलीय ना, गाडी आता टूं टूं करत न्हाय."

"दादा, ही किचेन होती ना?"

"किचेन काय, कोनपन देतं. किचेन खिशात जाते, कोनाला दिसते? ही गाडीत लावली का बसनाऱ्याला रोज बाबांचं नाव दिसंल. कसं सुचलं, बोल!" हितेशने मानेने मागची सीट दाखवली. मिठाईचे लाल खोके छतापर्यंत रचलेले होते. "सगल्यांत टाकलीय. पेढ्यांच्या बाजूला. येनाऱ्या एकेकाला मिलनार."

दीपेशने क्लिप उपटून काढली. गाडी लगेच ओरडायला लागली. त्याने स्वतःचा पट्टा लावला, ओरडणं थांबलं, आणि हितेश हसला. "आईशप्पथ, एवढी भीती! मी चालवतोय ना?" क्लिप दीपेशच्या मुठीत राहिली. ती हाताच्या उबेने हळूहळू गरम झाली, आणि तिची ती ऊबसुद्धा त्याला नकोशी वाटली, दुसऱ्याने नुकतीच सोडलेली खुर्ची गरम लागावी तशी. एसीच्या जाळीत खोचलेल्या बाटलीतून लिंबाचा म्हणून विकला जाणारा एक गोड वास येत होता. त्या वासाचा लिंबाशी काही संबंध नव्हता. कुणीतरी ओकून त्यावर फिनेल टाकावं, तसा तो होता. काच खाली करावी तर बाहेर कांजीचा वास, लूमच्या सुताला लावतात त्या आंबलेल्या कांजीचा, आणि त्याच्याखाली खाडीच्या काळ्या पाण्याचा. त्याने काच वरच ठेवली.

किळस त्याला नवीन नव्हती. उलट हल्ली तीच त्याची सोबत होती. सकाळी गच्चीवर दात घासताना समोर गोडाऊनच्या पत्र्यांची निळी छपरं दिसत, जिथे लहानपणी भातखाचरं होती, आणि त्याला किळस येई. महिन्याअखेर त्याच छपरांचं भाडं घरात येई, त्यावर आपण जेवतो, हे आठवून दुसरी किळस येई, ती पहिलीपेक्षा जास्त टिकायची. हितेश धंदा बघायचा. दीपेश सह्या करायचा आणि गच्चीवरच्या खोलीत जुनी विमानं बनवायचा. खेळण्यातली नव्हेत. खऱ्या विमानाच्या बत्तीसाव्या भागाएवढी, एकेक खिळा जिथल्या तिथे. त्याची बायको मेघाली त्या खोलीला प्रसूतिगृह म्हणायची, कारण आत पंखा लावायला बंदी, बोलायला बंदी, आणि एकेक विमान बाहेर यायला नऊ महिने. मुलगी निशा लहानपणी येऊन बसायची, आता नोकरीला लागल्यापासून दारातूनच विचारायची, "पप्पा, झालं का उडायला तयार?" हितेश मात्र त्या खोलीत कधी आला नव्हता. घरातल्या पाहुण्यांना तो वर बोट दाखवून सांगायचा, "आमचा दीपेश इमानं बनवतो," आणि पाहुणे हसायचे, आणि हितेशही त्यांच्याबरोबर, पण थोडं कमी.

म्हणून त्या दिवशी तो जिना चढून वर आला, दारात चपला काढल्या, अंग चोरून स्टुलावर बसला, तेव्हा दीपेशने हातातला चिमटा खाली ठेवला होता. "तुझ्या त्या पायलटच्या पट्ट्याला बक्कल असतं ना," हितेश म्हणाला होता, "तसं कायतरी काढून दे. मधी बाबांचं नाव. मानकोलीच्या गोडाऊनची पूजा हाय, किचेन वाटायची." मग त्याने टेबलावरच्या विमानात डोकावून पाहिलं, खरंच पाहिलं, भिंगातून, आणि म्हणाला, "आयला, एवढूसा पट्टा! त्याला भोकं पन हायत की!" दीपेशने त्याला सगळं सांगितलं. इतकं तो वर्षात कुणाशी बोलला नव्हता. चार पट्टे असतात, दादा. दोन मांड्यांवरून, दोन खांद्यांवरून. चौघांची भोकं एका खुंटीवर येतात आणि त्यावर ही पिन बसते. पिन ओढली की चारही एकदम सुटतात, माणूस मोकळा. हितेश "हां, हां" करत होता. दीपेशने आनंदाने, हो, आनंदानेच, त्या बक्कलाचा आकार घेतला, दोन्ही बाजूंना छोटे पंख दिले, मध्ये नाव बसवलं. भावाने प्रथमच आपल्या हाताकडे काहीतरी मागितलं होतं. आता त्या आनंदाची त्याला लाज वाटली.

गाडी दापोडेच्या वळणाला लागली. कंटेनर उलटसुलट उभे होते, त्यांच्यामधून हितेश एका हाताने गाडी काढत होता आणि फोनवर कुणाला तरी डीजेची जागा समजावत होता. दीपेशने डोळे मिटले आणि सकाळी अर्धी टाकून आलेली सीट डोळ्यांपुढे आणली. हे त्याचं औषध होतं. डोकं उठलं की तो सीटवर जायचा. विमानाचे पंख, इंजिन, रंग, यांत त्याला फारसा रस उरलाच नव्हता. ते सगळे करतात, खोक्यातच तयार येतं. विमान ओळखायचं ते सीटवरून, आणि सीट ओळखायची ती पट्ट्यांवरून. पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेले तयार पट्टे मिळतात, ते लोक सीटवर चिकटवून टाकतात, आणि ते तिथे कागदासारखे ताठ पडून राहतात. पट्ट्याला वजन असतं, हे त्यांना कळतच नाही. तो काठावरून खाली झुकला पाहिजे, बसणाऱ्याच्या जागी खोलगट झाला पाहिजे, वळला तिथे सुरकुतला पाहिजे. दीपेशने आधी खरं कापड वापरून पाहिलं होतं, लूमवरची काठाची चिंधी. पण बत्तीसाव्या भागात त्या कापडाचा एकेक धागा दोरखंडाएवढा दिसला. मग त्याने गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घेतली, तिच्यावर कागदी चिकटपट्टी, आणि तिच्या केसाएवढ्या पट्ट्या कापल्या. मग रंग. नवा पट्टा दिसायला सगळ्यात वाईट. त्यावर घामाचा तपकिरी डाग हवा, कडा विसविशीत हव्यात, खांद्याला घासून उजळलेली जागा हवी. हा पट्टा कुणीतरी रोज बांधला, असं त्याच्याकडे पाहून वाटलं पाहिजे. चार वेळा तपकिरी, एकदा काळा, मग ओल्या ब्रशने अर्धा पुसायचा. किती दुपारी त्याने पट्टे मळवण्यात घालवल्या होत्या.

आणखी एक चूक होती, लोकांनी बनवलेल्या विमानांच्या फोटोत ती दिसली की त्याला फोटो फाडावासा वाटायचा. खांद्याचे पट्टे लोक सीटच्याच पाठीला चिकटवतात. खऱ्यात ते सीटच्या पाठीवरून मागे जातात, आणि तिथून तारेने थेट विमानाच्या धडाला बांधलेले असतात. माणसाला सीटला बांधलेलं नसतं, विमानाला बांधलेलं असतं. सीट उखडली तरी माणूस राहावा म्हणून. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे रिकाम्या सीटवर बक्कल लावून ठेवायचं. छान दिसतं ना! चारही पट्टे जुळलेले, पिन बसलेली, आणि आत कुणी नाही. अरे, उतरलेला माणूस पिन काढून उतरतो. पट्टे बाजूला पडतात, एखादा दाराबाहेर लोंबतो. बक्कल लागलेलं आणि सीट रिकामी, असं फक्त एकाच वेळी होतं. जेव्हा माणूस कधी बांधलेलाच नव्हता.

हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. हायवेच्या पोलीस चौकीमागच्या आवारात, जप्त रिक्षा आणि सांगाडा झालेल्या ट्रकांच्या मध्ये, अपघातानंतर बाबांची गाडी आणून टाकली होती. सही करायला हितेश आत गेला. आक्का, म्हणजे त्यांची आई, गेटपाशी रिक्षात बसून होती. तिला आत नेऊ नका असं सगळ्यांनी बजावलं होतं. दीपेश एकटाच गाडीपाशी गेला. पुढची काच नव्हती. ती नसणार हे त्याला ठाऊक होतं, बाबा तिथूनच बाहेर फेकले गेले होते. स्टेअरिंगवर डाग होते, तेही त्याने पाहून घेतले. पण त्याला भडभडून आलं ते सीट पाहून. सीटवर पट्टा लावलेला होता. व्यवस्थित, तिरपा, घट्ट, बक्कल लागलेलं. गाडी टूं टूं करते म्हणून बाबा पट्टा आधी लावून घ्यायचे आणि मग त्यावर पाठ टेकून बसायचे. पट्ट्याने सीट धरून ठेवली होती. सीट जागची हललीही नव्हती. दीपेश तिथेच टायरच्या ढिगाआड जाऊन ओकला, तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन कुणाला काही बोलला नाही. मग दोघं भाऊ टपरीवर बसलेल्या रिक्षावाल्याला बोलवायला गेले. घरी येताना हितेशने म्हटलं, "त्यांची वेल भरली व्हती रं." आक्काने काही पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून तो पट्टा दीपेशने एकट्याने सांभाळला, आणि त्या एकटेपणाची त्याला एक प्रकारची गुर्मीही चढली होती. ही माणसं जेवतात, नाचतात, बाबांच्या फोटोला हार घालतात. यांना काही दिसलेलं नाही. मला दिसलंय.

आणि आता त्याच माणसाचं नाव. दीपेशने मूठ उघडून क्लिप पाहिली. काम चांगलं उतरलं होतं, हे आणखी वाईट. पंखांच्या कडा रेखीव, अक्षरं स्वच्छ. साचा करणाऱ्याने 'ळ'चं उजवं वेटोळं तसंच मोठं ठेवलं होतं.

"दादा, हे वाटू नको."

"का? काय चुकलं काय नावात?"

"नाव बरोबर आहे. बाबा कशाने गेले, विसरलास?"

हितेशने फोन खाली ठेवला. त्याचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. "कंटेनरवाल्यानं इंडिकेटर न्हाय दिला म्हनून गेले. त्याचा नि ह्याचा काय संबंध? सगलेच लावतात क्लिप. मी सगल्यांना सांगून ठेवलंय, माझ्या भावानं काढलंय डिझाईन. मना वाटलं तू खूश होशील." शेवटचं वाक्य तो हळू बोलला. दीपेशला त्याच्या मनगटावरचं सोन्याचं कडं, दंडावर ताणलेला पांढराशुभ्र झब्बा, कानामागे राहून गेलेला पावडरचा पांढरा ठिपका दिसला, आणि या माणसाचं आपल्यावर प्रेम आहे हे त्याला स्पष्ट कळलं. त्याने किळस कमी झाली नाही. तिला आता तोंड फिरवायलाही जागा उरली नाही.

मानकोलीचं गोडाऊन नवं होतं, पत्र्याला अजून प्लॅस्टिकचा वास. आत एवढी जागा की सत्यनारायणाचा चौरंग एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात जेवणाच्या टेबलांची रांग, तरी मध्ये क्रिकेट खेळता आलं असतं. डीजेचे खोके आधीच धडधडत होते. धूप, थर्माकोल, तळणीचं तेल आणि माणसांची अत्तरं, सगळं पत्र्याखाली तापून एक झालं होतं. निशा दीपेशची गाडी घेऊन आक्काला आणि मेघालीला सकाळीच घेऊन आली होती. आक्का पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय वर घेऊन बसलेली. दीपेशने प्रसाद घेतला, शिरा तळहातावर तुपाने चिकटला, आणि तो हात कुठे पुसावा हे त्याला बराच वेळ सुचेना. बायका एकमेकींचे दागिने बोटांनी उचलून पाहत होत्या. कुणीतरी पाया पडणाऱ्याच्या पाठीवर धपका घातला. दीपेश भिंतीला टेकून उभा राहिला आणि खोके वाटले जाताना पाहत होता. नवशा, हितेशचा जुना ड्रायव्हर, दाराशी टेबलामागे उभा राहून एकेकाच्या हातात लाल खोका देत होता आणि झाकण उघडून दाखवत होता, "पेढे ह्या बाजूला, नि ही क्लिप. गाडीत लावा, शेठ." माणसं खोका तिथेच उघडत, पेढा तोंडात टाकत, क्लिप उलटसुलट करून पाहत. "मस्त हाय." "वजनदार हाय." एकाने बाबांच्या नावावरून तुपकट अंगठा फिरवला आणि चाटला. पाय बाहेरच्या उन्हाकडे वळले की काही जण लगेच आपल्या गाडीचं दार उघडून वाकत, आणि टक् असा बारीक आवाज येई. तो आवाज डीजेतूनही दीपेशला ऐकू येत होता. किंवा येत नसेल, पण त्याला तो मोजता आला असता.

मग माइकवर हितेशचा आवाज. आपल्या बाबांच्या आशीर्वादाने. आपल्या माणसांच्या साथीने. आणि ही जी भेट तुमच्या हातात हाय, तिचं डिझाईन केलंय माझा धाकटा भाऊ दीपेशनं. त्याचा हात लय बारीक हाय. इमानं बनवतो तो, इमानं! दीपेश, ये रं पुढं. टाळ्या. माणसांनी त्याला ढकलत ढकलत पुढे आणलं. कुणीतरी खांद्यावर शाल घातली आणि दोन्ही टोकं छातीपाशी ओढून धरली, फोटो निघेपर्यंत. नारळ हातात. हितेशने माइक त्याच्या तोंडाशी आणला. माइकच्या जाळीला आधीच्या बोलणाऱ्यांचा, पानाचा, दातांचा वास होता. दीपेशने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की बाबा काचेतून बाहेर पडले आणि सीटवर पट्टा तसाच होता. सांगायचं होतं की हे काढून टाका, आत्ता, गाडीत बसण्याआधी. समोर आक्का होती, तिचा चेहरा शांत. बाजूला हितेश, अभिमानाने घामाघूम. "धन्यवाद," दीपेश म्हणाला. टाळ्या आणखी वाजल्या. त्या क्षणी जगात त्याला सर्वांत जास्त शिसारी कशाची आली असेल तर त्या आपल्याच एका शब्दाची.

तो बाहेर आला. शाल अजून अंगावर होती, नारळ कुणाच्या तरी हातात देऊन टाकला. ऊन पांढरं पडलं होतं, आवारात गाड्या दाटीने लावलेल्या. निशा त्याच्या गाडीच्या दाराशी उभी होती. "पप्पा, आक्का कंटाळलीये, मी तिला घरी सोडून येते. आई थांबतेय." आक्का मागे बसलीसुद्धा होती. ती नेहमीच मागे बसायची, ड्रायव्हरच्या पाठीमागे, पाय वर घेऊन, पिशवी मांडीवर. दीपेशने आधी पुढे डोकावून पाहिलं. निशाच्या सीटच्या खाचेत काही नव्हतं. लाल खोका बाजूच्या सीटवर न उघडलेला होता. त्याला हायसं वाटलं, निदान ही. पुढे हायवे होता, कंटेनर होते, निशा नुकतीच गाडी चालवायला शिकली होती, आणि मागे आक्का.

"आक्का, पट्टा लाव," तो म्हणाला. कधी नाही ते म्हणाला. म्हणताना त्याच्याच लक्षात आलं की हे वाक्य आपण तिला या गाडीत आजवर म्हटलेलं नाही.

"कनचा पट्टा?"

दीपेशने मागचं दार उघडलं. वरून पट्टा दिसत होता, खांबाला गुंडाळलेला. त्याने तो खेचला, आधी तो अडला, मग आला. टोक घेऊन त्याने आक्काच्या कमरेशी खाच शोधली. खाच नव्हती. त्याने पिशवी उचलली, हात सीटच्या फटीत घातला, शेंगदाण्याची सालं हाती लागली, एक हेअरपिन, चिकट झालेला चॉकलेटचा कागद. खाच नव्हती. मधल्या जागेलाही नव्हती. रेक्झिनचं कव्हर एकसंध, टाचून, छान बसलेलं. आणि मग त्याला आठवलं. गाडी घेतली त्याच दिवशी भिवंडीतल्या एका दुकानात कव्हर घातलं होतं. तपकिरी, शिलाई पिवळी, आक्काला आवडलेली. दुकानदाराने सगळं ओढून, ताणून, खाली टाचलं होतं. पुढची दोन बक्कलं वर काढली होती, कारण ती नसली तर गाडी ओरडते. मागची गाडली होती. मागे गाडी ओरडत नाही. आणि दीपेश, जो बत्तीसाव्या भागातला पट्टा सीटच्या पाठीवरून न जाता पाठीला चिकटला म्हणून फोटो फाडायला निघायचा, तो इतकी वर्षं रोज आरशात आक्काचा चेहरा बघत गाडी चालवत होता. स्वतःचा पट्टा लावून. आपण एकटेच शहाणे असं मनाशी म्हणत.

"कटर दे," तो वळून म्हणाला. गोडाऊनच्या दारात खोके फोडणारा हमाल उभा होता. "क्या हुआ सेठ?" "दे रे, कटर." हमालाने कटर दिला. दीपेशने आक्काला थोडं सरकवलं, गुडघा सीटवर टेकला, शाल मागे लोंबत होती ती तिथेच लोंबू दिली, आणि कव्हरमध्ये पातं घातलं. रेक्झिन फाटताना एक ओंगळ आवाज झाला. आत स्पंजाचे पिवळे कण उडाले, नाकात गेले. माणसं जमली. "अरे अरे, काय करतो? सत्कार डोक्यात गेला वाटतं!" कुणीतरी हसलं. हितेश धावत आला. "दीप्या! येडा झालास काय? चांगलं कव्हर हाय!" दीपेश कापत राहिला. टेबलावर केसाएवढी पट्टी कापणारा हात होता तो, आणि आता कसायासारखा ओरबाडत होता. दुसऱ्या चिरेत बोटाला कडक काहीतरी लागलं. त्याने ते ओढून वर काढलं. बक्कल. काळं, चकचकीत. त्यावर कारखान्याची पातळ प्लॅस्टिकची चिकटपट्टी अजून तशीच होती.

त्याने ती नखाने काढली. पट्टा आक्काच्या खांद्यावरून, पोटावरून आणला. खांबातून पट्टा येतच राहिला, नवा, काळा, कडा धारदार, घडीची इस्त्रीसारखी रेघ तशीच. ना घामाचा डाग, ना घासलेली जागा. ज्या डागांसाठी त्याने दुपारी घालवल्या, त्यांतला एकही त्यावर नव्हता. टक्. बक्कल लागलं. आत माणूस होता.

"निशा," तो आवाज न चढवता म्हणाला, "तुझा लाव." निशा स्टेअरिंगमागे जाऊन बसली, आणि पुढच्या सीटवरून दुसरा टक् असा आवाज आला.

जमलेली माणसं आता हसत नव्हती, पण समजलंही नव्हतं त्यांना काही. हितेश दाराला हात लावून उभा होता. आक्का मान खाली घालून छातीवरच्या पट्ट्याकडे बघत होती. तिने सुरकुतलेला अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पट्ट्याची कड धरली आणि चाचपली, साडीच्या दुकानात पदर चाचपतात तशी. वर करून, खाली करून. दीपेश अजून वाकलेलाच होता, त्याचं तोंड तिच्या तोंडाशी, तिच्या श्वासाला तपकिरीचा वास.

"नवा हाय," ती म्हणाली.

"हो आक्का. कधी वापरलाच नाही."

"त्यांचा पन नवाच व्हता," आक्का म्हणाली. "तुम्ही दोघं फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी बोलत व्हता तवा मी गेलते आत. हात लावून बघितला. लय घट्ट व्हता. मना एकटीला सुटंना."

दीपेशचा हात तिच्या बक्कलावरच राहिला. मागे डीजे पुन्हा सुरू झाला होता. हितेशने दारावरचा हात काढला, आणि थोड्या वेळाने, एकटाच, नवशाच्या टेबलावर उरलेल्या लाल खोक्यांकडे चालत गेला.